दोन दातांचं कलम

अंबरनाथ,
ता. १० डिसेंबर १९५३

गं. भा. वेणूआक्का यांस,
बाळाजीचा साष्टांग नमस्कार.

सोमवारी कात्रपला जे झालं ते काल मेव्हण्याकडून, काशीच्या भावाकडून कळलं. वाईट वाटलं. दादांनी हात उचलायला नको होता. पण तूही विचार कर. त्यांना न विचारता तू सुनंदाचं लग्न उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंध्याशी लावून दिलंस. बदलापूर गावात ज्यांच्या शब्दावर लोकांची भांडणं मिटतात, त्या माणसाने भाचीच्या लग्नाची बातमी बाजारात ऐकायची, आणि वर शांत राहायचं, असं तुला वाटलं तरी कसं?

असो. मी बारा वर्षं वकिलाकडे कारकुनी करतो आहे, म्हणून सांगतो ते नीट वाच. फौजदारी कायद्यात नुसतं 'मारलं' म्हणून चालत नाही. मार कोणत्या वर्गातला ते ठरवावं लागतं. साधी दुखापत असली तर कलम ३२३. फार तर एक वर्ष कैद, नाहीतर नुसता दंड. पोलीस आपण होऊन त्यात हात घालत नाहीत, आणि दोघांच्या मनात असलं तर प्रकरण तिथल्या तिथे मिटतं. जबर दुखापत असली तर ३२५. त्याला सात वर्षांपर्यंत. जबर म्हणजे काय, याचे आठ प्रकार कायद्याने ठरवून दिले आहेत. डोळा जाणं, कान जाणं, सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा बिघडणं वगैरे. त्यात सातवा प्रकार, हाड किंवा दात मोडणं अगर निखळणं. म्हणजे दादांचं एक वर्ष की सात वर्षं, ते तुझ्या तोंडावर आहे.

डॉक्टरचा दाखला अजून चौकीवर गेलेला नाही. तू इतकंच सांग की दात आधीपासून हलत होते, चापटीने पडले नाहीत. आणि आठवा प्रकार लक्षात ठेव. वीस दिवस जखमी माणसाला रोजचं काम करता आलं नाही तर तीही जबर दुखापत धरतात. तेव्हा थोडं दुखलं तरी भाजीची पाटी घेऊन बाजाराला जायला लाग. लोकांनी तुला पाहिलेलं बरं.

तुझा,
बाळाजी


कात्रप,
ता. १५ डिसेंबर १९५३

चि. बाळाजीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पेजेशिवाय काही गिळवत नाही, पण हाताला काही झालेलं नाही, म्हणून लिहिते.

तू चापट लिहितोस. चापट नव्हती. सोमवारी दुपारी मी ओट्यावर मुळ्याच्या जुड्या बांधत बसले होते. दादा आला. पाणी दिलं, ते प्यायला नाही. खिशातून कागद काढला आणि उभ्यानेच वाचून दाखवला. 'माझी अज्ञान मुलगी सुनंदा, वय वर्षे सोळा, हीस कॅम्प नंबर चारमधील होतचंद नावाच्या इसमाने माझ्या संमतीवाचून फूस लावून पळवून नेले आहे.' फिर्याद माझ्या नावाची होती.

मी म्हटलं, "दादा, पळवून कसं नेलं? मी मांडवात बसले होते. जेवून आले."

"ते विसर. तुला न सांगता गेली एवढं पुरे. अंगठा लाव इथं."

"आणि सोळा कुठली? शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी तिचा जन्म स्वतःच्या हाताने लिहिलाय. अठरा पुरी झालीत."

"शाळेचं मी बघतो. तू अंगठा लाव."

शाईची डबी त्याने बरोबर आणली होती. माझा डावा हात धरला. मी मूठ वळली. ती त्याच्याने उघडेना, तेव्हा मारलं. पहिल्या ठोशाला ओठ फाटला, दुसऱ्याला दोन दात गेले. एक मुळ्याच्या पाल्यात सापडला. दुसरा मी गिळला असेन. शेजारची बनूबाई ओरडत आली म्हणून तो गेला.

चौकीवर जमादाराने विचारलं, कशावरून मारलं. मी सांगितलं, मुलीच्या लग्नावरून. कागदाचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण तुला विचारते. तू कोर्टाकचेरीत वावरतोस. ज्या बाईने आपल्या हाताने मुलगी दिली, तिच्याच नावाने मुलगी पळवल्याची फिर्याद असा मजकूर कोण लिहून देतं?

दात हलत नव्हते. गेल्या महिन्यापर्यंत मी ऊस दाताने सोलत होते. डॉक्टरला तेच सांगितलं. आणि बाजाराचं म्हणशील तर, नुसती पाटी डोक्यावर घेऊन भाजी विकली जात नाही. भाव सांगायला तोंड लागतं.

वेणूआक्का


अंबरनाथ,
ता. २१ डिसेंबर १९५३

गं. भा. वेणूआक्का यांस नमस्कार.

तुझ्या मनासारखं झालं. शनिवारी दादांना भर बाजारातून पकडून नेलं. संध्याकाळी जामीन झाला, पण गावाने पाहायचं ते पाहिलं. कलम ३२५ लागलं आहे.

तो अर्ज कुणी लिहिला ते मला काय ठाऊक? कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारे रांगेने बसलेले असतात. सांगावं तसं लिहितात. त्याचा नाद तू सोड.

तुला वाटत असेल की कायदा तुझ्या एकटीच्या बाजूचा आहे. कायद्यात अठराच्या आतली मुलगी पालकाकडून नेली तर कलम ३६३, सात वर्षं. लग्नासाठी नेली तर ३६६, दहा वर्षं. उद्या कोर्टात सुनंदाच्या वयाचा प्रश्न निघाला तर तुझ्या जावयाला आपल्या पत्र्याच्या पेट्यांचं दुकान बंद करून कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. शाळेचं रजिस्टर तुझ्या नवऱ्याने लिहिलेलं. बापाने मुलीचं वय वाढवून लिहिलं, असं म्हणायला कुणाला किती वेळ लागतो?

तू फक्त स्वतःचं बघितलंस. माझ्या राहीची सोयरीक वांगणीला ठरत आली होती. तुझ्या लेकीच्या लग्नाची बातमी गेली आणि त्यांचा निरोप आला की यंदा कर्तव्य नाही. तिच्या आईने दोन दिवस चूल पेटवली नाही. मुलगी द्यायला तुला आपल्यातलं एकही घर दिसलं नाही? फाळणीनंतर, पाच-सहा वर्षांपूर्वी गाठोडी घेऊन आगगाडीतून उतरलेली माणसं, बराकीत राहणारी, त्यांच्यात दिलीस. आज मास्तर असते तर त्यांनी त्यांच्या घरात पाणी घेतलं नसतं.

३२५ सुद्धा कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं. तू राजीनाम्यावर, म्हणजे समेटाच्या कागदावर, सही कर. मी कागद तयार करून पाठवतो.

बाळाजी


कात्रप,
ता. २७ डिसेंबर १९५३

बाळाजीस,

कागद तयार करू नकोस. तू तयार केलेला एक माझ्यापाशी आहे.

दादा गेला तेव्हा फिर्याद ओट्यावरच पडली होती. बनूबाई पाणी आणायला आत गेली तेवढ्यात मी ती उचलून कमरेला खोचली. तोंडातून रक्त येत होतं तरी पहिल्या ओळीतच अक्षर ओळखलं. तू ध काढतोस तो घ दिसतो. मास्तरांनी शाळेत त्यावरून तुझे कान उपटले, घरी आणून पाटीवर पन्नास वेळा काढायला लावले, तरी सुधारला नाहीस. 'मुलीचे मामा घर्मराज यांनी शोध केला' असं लिहिलं आहेस. तुझ्या दोन्ही पत्रांवर तसाच आहे. दहा तारखेला मला तिऱ्हाइतासारखं समजावत होतास तेव्हाच मला ठाऊक होतं. तू स्वतः होऊन सांगतोस का, ते बघायचं होतं. तू झाडाखालच्या माणसांवर ढकललंस.

आणखी एक. खाली लिहिलं आहेस, 'वेणूबाई हिची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.' माझी पत्रं तुला वीस वर्षं येतात. मला सही येत नाही असं तुला वाटलं का? मी याचा पुष्कळ विचार केला. सही करायला माणूस राजी असावा लागतो. अंगठा धरून उमटवता येतो. म्हणून तू अंगठ्याची जागा ठेवलीस.

तुझ्यापेक्षा परक्या माणसांचं सांगते. होतचंदचा चुलता टेकचंद मला बघायला आला होता. त्याला कुणी मुन्शीने सांगितलं होतं की हत्याराने मारलं असेल तर कलम ३२६, जामीन नाही, मिटवामिटवी नाही. तो म्हणाला, "चाची, कोयता बोलो. वो अंदर रहेगा."

मी म्हटलं, "कोयता नव्हता."

"किसको मालूम?"

"मला मालूम."

तो जाताना म्हणाला, "ठीक है चाची, जो हुआ वोही बोलो." बराकीत राहणाऱ्या माणसाने एवढं ऐकलं.

तू अठराच्या आतलं आणि बाहेरचं मला शिकवू नकोस. त्या मुलीच्या वेळी मला एक रात्र आणि एक दिवस लागला होता. ती कधी जन्मली ते मला रजिस्टर बघून कळत नाही.

वेणूबाई


अंबरनाथ,
ता. २ जानेवारी १९५४

ती. आक्का, साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं. काशीला दाखवलं नाही.

होय, मी लिहिला. दादा वांगणीहून थेट माझ्याकडे आले होते. ते लोक म्हणाले होते, मुलगी पळवून नेली असेल तर मामांचा दोष नाही, पण घरच्यांनी दिली असेल तर तुमच्या घराशी आम्ही संबंध करणार नाही. दादा म्हणाले, मग पळवून नेली असंच होऊ दे. मी समोर राहीकडे बघितलं. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी लिहून दिलं.

अंगठ्याचं दादांनी सांगितलं. आक्का सही करणार नाही, म्हणाले. मला वाटलं, फार तर हात धरतील. मारतील असं वाटलं नाही. तुझी शपथ, वाटलं नाही.

आता ऐक. हे मी वकिलाच्या कारकुनासारखं नाही, भावासारखं सांगतो. तो कागद तू कोर्टात दाखवलास तर कलम ३२५ राहणार नाही. माणसाकडून बेकायदेशीर काम करवून घेण्यासाठी जबर दुखापत केली तर कलम वेगळं आहे, ३२९. त्याला दहा वर्षं, जन्मठेपेपर्यंत. ते प्रकरण मॅजिस्ट्रेटसमोर चालत नाही, सेशनला जातं. त्यात समेट नाही. दात तेच, ठोसा तोच, पण कशासाठी मारलं ते त्या कागदावर आहे. आणि ज्याने मदत केली त्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा. म्हणजे मला.

माझी नोकरी जाईल हे सोडून दे. राहीला पुढे कोण विचारील? धाकटी दोन आहेत. तो कागद चुलीत घाल. मी कात्रपला येतो, तुझ्यासमोर नाक घासतो, म्हणशील ते करतो. उलट टपाली दोन ओळी लिही.

तुझा,
बाळाजी


अंबरनाथ,
ता. २० मार्च १९५४

ती. वेणूआक्का, साष्टांग नमस्कार.

जानेवारीपासून तुला चार पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. दोनदा कात्रपला आलो, दाराला कडी होती. बनूबाई म्हणाली, कॅम्पात लेकीकडे गेली. बुधवारी निकाल लागला तेव्हा मी कोर्टाबाहेर व्हरांड्यात उभा होतो. आत यायचा धीर झाला नाही. दर घटकेला वाटायचं की आता माझं नाव पुकारतील. पुकारलं नाही.

तू कागद दाखवला नाहीस. तू मोठी आहेस, आक्का. आईच्या माघारी तूच आम्हाला सांभाळलंस, ते तू विसरली नाहीस. तू मला क्षमा केलीस हे मी जन्मभर लक्षात ठेवीन.

दादांना नऊ महिने सक्तमजुरी झाली. सात वर्षांचं कलम असलं तरी या मॅजिस्ट्रेटला दोन वर्षांच्या वर देण्याचा अधिकार नव्हता, आणि पहिलाच गुन्हा म्हणून नऊवर आणलं. तरी या वयात खडी फोडणं त्यांना झेपणार नाही. ठाण्याला अपील करतो आहोत. अपिलातही कोर्टाच्या परवानगीने समेट होतो. तेवढी तुझी सही मिळाली की दादा घरी येतील. एवढं केलंस, आणखी एवढं कर.

राहीचं दुसरीकडे जमलं. वैशाखात लग्न आहे. तू यायचंस. सुनंदाचं बघू, तिला या वेळी नको.

तुझा,
बाळाजी


उल्हासनगर, कॅम्प नंबर ४,
ता. २८ मार्च १९५४

बाळाजीस,

तू व्हरांड्यात होतास ते मी पाहिलं. आत काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते.

दादाच्या वकिलाने विचारलं, "बाई, या वयात दात हलतातच ना?" मी म्हटलं, "बाकीचे आहेत अजून, हलवून बघा." मग विचारलं, आरोपीच्या हातात काय होतं. मी म्हटलं, काही नव्हतं. त्याने हातातला कागद उलटला. मी कोयता म्हणेन असं धरून पुढचे प्रश्न त्याने तयार करून आणले असावेत.

पुरावा संपल्यावर साहेब मला म्हणाले, "आरोपी तुमचा सख्खा भाऊ आहे. तुमच्या मनात माफ करायचं असेल तर परवानगी देतो."

मी म्हटलं, "त्याने विचारलेलं नाही."

साहेबांनी दादाला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

दादा माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "बहिणीपुढे मी हात जोडणार नाही."

मी म्हटलं, "मग शिक्षा द्या."

त्याने हात जोडले असते तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. त्या वेळी माझी जीभ जिथे दात नाहीत तिथे जात होती.

आता कागदाचं. तू क्षमा लिहितोस, तो शब्द खोडून टाक. तो कागद दाखवला असता तर कोर्टात मोठ्याने वाचला गेला असता. सुनंदा अज्ञान, सुनंदाला फूस लावली, सुनंदाला पळवली. त्यावर शिक्का बसला असता, आणि ते कोर्टाच्या दप्तरात कायमचं राहिलं असतं. तिच्या सासरच्यांसमोर तिला पिंजऱ्यात उभी करून वय विचारलं असतं. मला दोन मिनिटांचं समाधान, आणि तिला जन्मभर ते. मी जमादारालाही कागदाचं सांगितलं नाही ते त्यासाठीच. तू त्यात कुठे नव्हतास. निकाल लागला त्या दिवशी सुनंदाच्या चुलीत तो घातला. कशाचा कागद म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, जुना हिशोब आहे. आयुष्यात तिच्याशी बोललेलं हे एक खोटं, तुझ्यामुळे.

तेव्हा भिऊ नकोस, आणि आभारही मानू नकोस. कागद नाही, म्हणून तुझ्यावर कलमही नाही. ते तुला पाहिजे होतं, मिळालं. तुझ्या पत्रात हात धरतील असं वाटलं म्हणून लिहिलं आहेस. ते वाक्य मी पुष्कळदा वाचलं. बहिणीचा हात धरून तिच्या लेकीविरुद्ध अंगठा उमटवायचा, एवढं तुला चालणार होतं. मारलं म्हणून तुला वाईट वाटलं.

अपिलाच्या राजीनाम्यावर सही देणार नाही. राहीच्या लग्नाला येणार नाही. जिथे सुनंदा नको तिथे मी कशाला? राहीचं वाईट चिंतत नाही. पोरीचा दोष नाही.

वेणूबाई


अंबरनाथ,
ता. १४ नोव्हेंबर १९५४

ती. वेणूआक्का, साष्टांग नमस्कार.

पुष्कळ महिन्यांनी लिहितो आहे. अपील फेटाळलं गेलं ते कळलं असेलच. दादा मागच्या महिन्यात सुटून आले. चांगल्या वर्तणुकीचे दीड-दोन महिने कमी झाले. अंगावर मांस राहिलं नाही. पंचांत बसत नाहीत, कुणी बोलावतही नाही. दिवसभर ओसरीवर बसून असतात. मी तुझं नाव काढलं तर उठून आत जातात. राहीचं सासर बरं आहे.

आपण तिघंच आहोत. आता झालं ते झालं म्हणायचे दिवस आले असं मला वाटतं. बनूबाई परवा बाजारात भेटली, तिच्याकडून कळलं की सुनंदा बाळंत झाली. ऐकून डोळ्यांत पाणी आलं. मी आजा झालो. बनूबाईला पुढचं काही सांगता येईना. मुलगा झाला की मुलगी? नाव काय ठेवलं? सिंध्यांच्या पद्धतीचं की आपलं? काशी झबलं शिवायला बसली आहे. मुलगा असला तर निळं कापड आणायचं म्हणते, म्हणून उत्तर लवकर पाठव.

तुझा,
बाळाजी


उल्हासनगर, कॅम्प नंबर ४,
ता. २१ नोव्हेंबर १९५४

बाळाजीस,

पत्र पोचलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

मुलगा की मुलगी, ते लिहीत नाही. बारसं झालं, नाव ठेवलं. तेही लिहीत नाही. बनूबाईला मुद्दाम सांगितलेलं नाही, तेव्हा तिला पुन्हा विचारू नकोस. काशीला म्हणावं, कापड आणू नकोस.

वेणूबाई